शेततळ्यातील कोळंबीला शेणखत : किती आणि केव्हा?

लासलगाव परिसरात कांदा व द्राक्षबागेसाठी प्लॅस्टिक अस्तराची शेततळी आहेत. या पाण्यात गोड्या पाण्यातील जंबो कोळंबी (पोचा) घेता येते. मात्र तिच्या पिलांना सुरुवातीला निमखारे पाणी लागते, त्यामुळे बीज हॅचरीतूनच आणावे लागते. खताच्या चुकीने एका रात्रीत माल मेला, तर त्या हंगामात तो भरून निघत नाही.

शेणखत हे कोळंबीचे नव्हे, पाण्याचे खाद्य आहे. ते कुजून नत्र व स्फुरद सुटते, त्यावर प्लवंग वाढतात आणि लहान कोळंबीला नैसर्गिक खाद्य मिळते. पण कुजताना प्राणवायू खर्च होतो. मातीच्या तळ्यात गाळ काही अन्नद्रव्ये धरून ठेवतो. प्लॅस्टिकवर मात्र सर्व घाण तळाशी साचते आणि कोळंबी तळाशीच राहते. म्हणून येथे मात्रा कमीच ठेवावी.

दहा गुंठ्यांच्या तळ्यासाठी पूर्ण कुजलेले शेणखत सुरुवातीस १०० किलोपर्यंत पुरे. तेही एकदम न टाकता गोणीत भरून काठालगत पाण्यात लोंबते ठेवावे, म्हणजे अर्क उतरतो व चोथा बाहेर काढता येतो. बीज सोडण्यापूर्वी किमान आठवडाभर हे काम उरकावे. ताजे शेण व कच्ची कोंबडीविष्ठा टाळावी.

पुढील मात्रा पाणी पाहूनच ठरवावी. २० सें.मी. व्यासाची काळी-पांढरी चकती दोरीने पाण्यात सोडावी. ती २५ ते ४० सें.मी. खोलीवर दिसेनाशी झाली तर खत देऊ नये. त्याहून खोलवर दिसली तरच थोडे द्यावे. अस्तर निसरडे असते, त्यामुळे एकट्याने काठावर उतरू नये.

ढगाळ हवेत खत पूर्ण बंद ठेवावे. पहाटे कोळंबी काठाला गोळा झाली, तर प्राणवायू कमी पडला असे समजावे. खत व खाद्य थांबवून ताजे पाणी सोडावे, पंपाने पाणी उंचावरून फवारावे.

निफाड तालुक्यात हिवाळ्यात पारा १० अंशांखाली उतरतो. पाणी १४ अंशांच्या आसपास आले की कोळंबी मरू लागते. गारठ्यात खतही नीट कुजत नाही. म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीस बीज सोडून नोव्हेंबरअखेर काढणी करावी. उरलेले सुपीक पाणी बागेला द्यावे; मात्र शेवाळाने ठिबक तुंबू नये म्हणून गाळणी वरचेवर धुवावी.