कात्रीने आणलेला हिवाळा

परभणीकरांच्या नशिबी एक म्हण कायमची आली आहे: ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी!’ तिचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावावा. आम्ही ती अभिमानाने सांगतो, परगावची मंडळी थट्टेने सांगतात. पण झाडावेलींपुरते बोलायचे, तर परभणीची परीक्षा मोठी कडक. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या घरात जातो. काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात तिच्यात पाय रुतला की चप्पल तिथेच राहते. अशा गावी थंड मुलखातल्या वेलीने नांदायचे कसे?

हा प्रश्न मला गेल्या वर्षी आमच्या पुतण्याने विचारला. नोकरीच्या निमित्ताने तो जर्मनीत, म्युनिक शहरी असतो. त्या शहराच्या उत्तरेला हालरटाऊ नावाचा मुलूख आहे. तिथे हॉप्स नावाच्या वेलीचे मळेच्या मळे आहेत. उंच खांबांवरून सोडलेल्या तारांवर ही वेल एका उन्हाळ्यात वीस-बावीस फूट चढते आणि हिरव्या पाकळ्यांच्या शंकूसारखी फुले देते. बिअरला जो कडवटपणा आणि वास असतो, तो या फुलांचा. वेलीत नर-मादी वेगळ्या. मळ्यात मान फक्त मादीचा! पुतण्या या वेलीवर इतका भाळला, की त्याने फोनवर विचारले, “काका, तुमच्या मांडवावर ही वेल चढेल का हो?”

आमच्या घरात बिअरला वाव नाही, हे त्यालाही ठाऊक होते. त्याला हवी होती ती नुसती वेल. मी त्याला म्हटले, “चढेल थोडीफार, पण मनापासून नांदणार नाही.” आणि मग कारण सांगितले.

हॉप्सची वेल दिवसाचे तास मोजते. दिवस लांब आहे तोवर ती उंच वाढत राहते आणि दिवस लहान होऊ लागले की फुलांवर येते. लंडनला जूनमधला सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून लांब असतो. परभणीचा मोठ्यात मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. वेलीला वाटते, उन्हाळा सरला! कमरेएवढी होते न होते तोच ती फुलांवर येते आणि पीक मूठभरच राहते. ब्राझीलसारख्या उष्ण देशात अलीकडे हॉप्स पिकू लागले आहे, पण तिथे मळ्यात विजेचे दिवे लावून वेलीसाठी दिवस लांबवावा लागतो. आमच्या अंगणात रात्रभर दिवे जळू लागले, तर शेजारी बारशाचे आमंत्रण कधी म्हणून विचारायला येतील.

“मग द्राक्ष कशी येतात?” पुतण्याने पुढचा प्रश्न टाकला. प्रश्न बिनतोड होता. द्राक्षही थंडीत झोपणाऱ्या मुलखातलेच. या लेखाचे मूळ त्या प्रश्नात आहे.

फ्रान्समध्ये काय होते पाहा. शरद ऋतूत द्राक्षवेलीची पाने गळतात. हिवाळाभर ती नुसत्या काड्यांची मोळी होऊन निजते. वसंतात डोळे फुटतात, उन्हाळ्यात घड भरतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. वर्षाची एक झोप, एक जाग, एक पीक. आपल्याकडे ही झोप लागतच नाही. जानेवारीत परभणीची एखादी रात्र दहा अंशांखाली जाते खरी, पण तेवढ्याने वेल काही पांघरूण ओढून निजत नाही. ती बारा महिने हिरवी राहते. काडीच्या शेंड्याकडचा डोळा तेवढा फुटतो आणि खालचे सारे डोळे मुके राहतात. वेल लांबते, मांडव भरतो, सावली गर्द पडते, पण घडाचा पत्ता नसतो. “आमची द्राक्षवेल वांझ निघाली” असे सांगणारे पुष्कळ लोक मला भेटले आहेत. वेल वांझ नसते. तिला कोणी निजवलेले नसते, एवढेच.

यावर महाराष्ट्राच्या बागायतदारांनी जो तोडगा घट्ट बसवला, तो मला फार मोठा वाटतो. जो हिवाळा आकाशातून येत नाही, तो कात्रीने आणायचा! वर्षातून दोनदा. एप्रिलमध्ये खरड छाटणी. तिच्यात जुन्या काड्या एक-दोन डोळे ठेवून खरडून काढतात. पुढे नव्या काड्या येतात, उन्हात पक्व होतात. मग ऑक्टोबरात, पाऊस मागे फिरला की फळछाटणी. तिलाच गोडी छाटणी असेही गोड नाव आहे. या वेळी काडी जातीप्रमाणे डोळे मोजून ठेवायची. थॉमसन जातीत घड काडीच्या मधल्या डोळ्यांत असतो, म्हणून सहा ते आठ डोळे राखतात. छाटणीपासून साधारण ११० ते १३० दिवसांत द्राक्षे खायला येतात. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे कात्री लावा आणि पाडव्याच्या आत घड उतरवा.

ही वेल आपल्या भागाला नवखी मात्र नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादेस आला होता. तिथली द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. परभणी १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या मुलखात होती. त्या हैदराबादेत १८९० च्या सुमारास अब्दुल बाकर खान यांनी आणलेले ‘अनाबेशाही’ द्राक्ष पुढे दक्षिणेत नावाजले. आपल्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधून निवडलेली वेल ‘तास-ए-गणेश’ म्हणून घरोघर पोचली. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ दिली. ही सारी माणसे बागेत राबणारी. डोळे उघडे ठेवून वेलीकडे पाहणारी.

आमची वेल तास-ए-गणेश आहे, डॉगरिज खुंटावर कलम केलेली. हा रानटी द्राक्षाचा खुंट खारट पाणी आणि तहान जरा सोसतो, म्हणून आपल्याकडे तोच घ्यावा. तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घेऊन त्यातली काळी माती निम्मी काढली आणि मुरूम, शेणखत, पालापाचोळा भरला. काळ्या जमिनीत पाणी साचले की मुळे गुदमरतात. पहिल्या वर्षी एकच खोड सरळ मांडवापर्यंत नेले आणि बगलेच्या फुटी काढत राहिलो. मांडवावर दोन्ही बाजूंना ओलांडे फिरवले. पहिले घड तिसऱ्या हिवाळ्यात मिळाले. ही विद्या मला निफाडकडून नोकरीनिमित्त इकडे आलेल्या एका शेजाऱ्यांनी दिली. ते म्हणत, “काका, वेलीची दया आली की द्राक्षे गेली!”

पण वेल नीट समजली ती २०१६ च्या उन्हाळ्यात.

२०१४ आणि २०१५ असे ओळीने दोन पावसाळे मराठवाड्याला हात देऊन गेले होते. विहिरी आटल्या, नळाच्या पाण्याची वाट पाहण्यात दिवसामागून दिवस जाऊ लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वेगाडी लातुरात आली. पिण्याचे पाणी आगगाडीने! आमच्या खरड छाटणीचे दिवस नेमके तेच होते. मी कात्रीला धार लावत होतो आणि आमच्या सौ. पेपर वाचत होत्या. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि शांतपणे विचारले, “बायका घागरी घेऊन टँकरच्या मागे धावताहेत आणि आपण द्राक्षाला पाणी घालायचे? लोक काय म्हणतील ते राहू द्या हो. आपल्याच मनाला काय वाटेल?”

वाचकहो, या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नव्हते. कारण ऑक्टोबरातले घड खरे म्हणजे ऑक्टोबरात तयार होत नाहीत. खरड छाटणीनंतरच्या साधारण चाळीस ते साठ दिवसांत, म्हणजे ऐन मे-जूनच्या उन्हात, कोवळ्या काडीवरच्या डोळ्याच्या पोटात घडाचा अंश धरतो. डोळ्यांना तो दिसत नाही. मोठे बागायतदार फळछाटणीआधी काडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घड कुठे आहे ते पाहून घेतात. हिवाळ्यात खायच्या द्राक्षांचा निकाल असा सर्वांत कडक उन्हाळ्यात लागतो. त्या दिवसांत वेल वाळली तर पुढचे सारे मुसळ केरात.

त्या रात्री जेवणानंतर घरात चर्चा झाली. वेल काढूनच टाकावी, इथपर्यंत बोलणे गेले. आमच्या मातोश्री तेव्हा होत्या. त्यांनी जन्मभर आडाचे पाणी शेंदलेले. त्या म्हणाल्या, “पाणी एकदा वापरले की ते माणसाचे राहत नाही, ते झाडाचे. ताजे पाणी एक थेंब द्यायचे नाही. उरलेले देऊ. जगली तर आपली.”

तोच नियम झाला. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी एका बादलीत साठवायचे. साबणाचे आणि खरकट्याचे पाणी वर्ज्य. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाते ते पाणीही वर्ज्य, कारण त्यात क्षार साठलेले असतात आणि क्षाराने द्राक्षाच्या पानांच्या कडा करपतात. कूलरच्या टाकीत तळाला राहते त्याचीही तीच कथा. बुडाजवळ एक कच्चे मडके गळ्यापर्यंत पुरले, त्यात ती बादली ओतायची आणि वर झाकण. मडक्यातून पाणी हळूहळू पाझरते आणि उन्हाला त्याचा पत्ता लागत नाही. भोवती कडब्याचा चांगला वीतभर थर पसरला. आणि छाटणी केलीच. भरल्या पानांची वेल रोज किती पाणी हवेत उडवत असेल! पाने उतरवली तर निदान काही आठवडे तिची तहान कमी होईल, असा हिशेब.

मेच्या अखेरीस नव्या काड्या आल्या. दरवर्षी चार-पाच फूट लांबायच्या, त्या अडीच फुटांवर थबकल्या. मला वाटले, झाले, यंदाचे संपले. पण निफाडचे शेजारी पाहायला आले आणि हसले. म्हणाले, “आम्ही बागेत या दिवसांत मुद्दाम पाणी तोडतो. पाणी आणि खत रेलचेल मिळाले की वेल नुसती पाला वाढवते. थोडी तहान लागली की तिला पोराबाळांची आठवण होते.” अर्थात तहान थोडी; बेताची. आमच्या मडक्याने नेमकी तेवढीच दिली होती.

त्या वर्षी सप्टेंबरात पाऊस भरपूर झाला. ऑक्टोबरात नातवंडांना हाताशी घेऊन वेलीची पाने हाताने उतरवली. छाटणीआधी दहा-पंधरा दिवस पाने काढली की डोळे एकसारखे फुगतात. बागायतदार डोळे फुटण्यासाठी काडीला रसायन लावतात. ते विषारी असते, पोराबाळांच्या अंगणात त्याचे काम नाही. मग फटाक्यांच्या आवाजात गोडी छाटणी झाली, आणि पंधरा दिवसांनी कोवळ्या फुटीतून मोहरीसारखे हिरवे दाणे डोकावले. मोजून सतरा घड. आधीच्या वर्षी एकतीस होते. पण सतरा घडांनी आमचे घर जेवढे आनंदले, तेवढे एकतिसांनी आनंदले नव्हते.

केवडा रोगाला मात्र जपावे लागते. फळछाटणीनंतर अवेळी पाऊस झाला की पानाखाली पांढरी बुरशी येते. त्यावर बोर्डो मिश्रण हे जुने औषध आहे. फ्रान्समध्ये चोरांनी रस्त्याकडेची द्राक्षे तोडू नयेत म्हणून लोक वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्याच वेली रोगातून वाचलेल्या मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस आल्या आणि १८८५ साली त्याने हा उपाय जगाला सांगितला. घरासाठी दहा लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम मोरचूद आणि पन्नास ग्रॅम चुना पुरे. प्लॅस्टिकच्या बादल्यांत दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावे. त्यात लोखंडी सुरी बुडवून पाहावी. तांबूस झाली तर चुना कमी पडला. घड भरू लागल्यावर मात्र हे फवारू नये. पिकताना बुलबुल येतात. त्यांच्यासाठी जुनी सुती साडी घडांवर पांघरली की भागते.

घरची द्राक्षे बाजारच्या द्राक्षांपेक्षा बारीक असतात, हे आधीच सांगून ठेवतो. बाजारचा लांबट, टपोरा मणी जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडवून वाढवलेला असतो. हे द्रव्य जपानी शास्त्रज्ञांना भाताच्या एका रोगाचा शोध घेताना सापडले. आमचा मणी वाटाण्याएवढा, पण साखरेसारखा.

पुतण्याला मी हे सारे लिहून पाठवले. हॉप्सला हवा तो लांब दिवस आपल्या अक्षांशावर नाही आणि कात्रीने दिवस लांबत नाही. द्राक्षाला हवी ती विश्रांती मात्र कात्रीने देता येते. परक्या मुलखातली वेल आपल्याकडे आणताना ती कशासाठी अडते, हे आधी पाहावे. ती गोष्ट आपल्या हाताने पुरवता येण्यासारखी असेल तरच तिला बोलवावे. आणि घरातल्या वापरलेल्या पाण्यावर जगतील एवढ्याच वेली लावाव्यात. आमच्या घराच्या हिशेबाने तो आकडा एक आहे.

आपल्या अंगणात ऊन असेल, दिवसाकाठी एक-दोन बादल्या धुवण-पाणी वाया जात असेल, तर येत्या फेब्रुवारीत चांगल्या रोपवाटिकेतून एक कलम आणा. तिसऱ्या दिवाळीला करंज्या तळून झाल्या, की कात्रीला धार लावायला विसरू नका.