टावर चौकाचा अंदाज का चुकतो?

नोव्हेंबर 2024 मध्ये आपल्यापैकी बऱ्याच घरांत एक नवाच खेळ रंगला होता. नातू न्यू जर्सीत नाहीतर टेक्सासमध्ये, आणि इकडे फ्रीगंजमध्ये आजोबा सकाळच्या पोह्यांबरोबर विचारताहेत, "काय रे, पेन्सिल्व्हेनियात आज कोण पुढे?" पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, अ‍ॅरिझोना, नेवाडा ही सात नावे तोंडपाठ झाली होती. सर्वेंमध्ये जवळपास सगळीकडे फरक एक-दोन टक्क्यांचा. म्हणून घराघरांतला हिशेब असा, की चार हिला, तीन त्याला. निकाल लागला तेव्हा सातही राज्ये ट्रम्प यांच्याकडे गेली होती. 312 विरुद्ध 226.

सर्वे खोटे होते का? तसे नाही. चूक आपल्या हिशेबात होती. सात राज्ये म्हणजे सात वेगवेगळी नाणी नव्हेत. एका राज्यात ज्या प्रकारचा मतदार सर्वेवाल्यांच्या हाती लागत नाही, तोच शेजारच्या राज्यातही निसटतो. 2016 मध्ये हेच झाले होते. कॉलेजात न गेलेले मतदार नमुन्यात कमी पडले आणि विस्कॉन्सिन, मिशिगन, पेन्सिल्व्हेनिया तिन्ही एकाच दिशेने चुकले.

आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. पण भात ढवळलेला हवा ना! वरचे शीत शिजले आणि तळ कच्चा, असेही होतेच की.

आता टावर चौकात या. संध्याकाळी घड्याळाच्या मनोऱ्याखाली चाटच्या गाड्या लागल्या, की निवडणुकीच्या दिवसांत "भिया, इस बार तो पक्का" अशी भाकिते सुरू होतात. मीही त्यात हिरिरीने भाग घेतलेला आहे आणि सपशेल तोंडावर पडलेलो आहे. इथे बोलतात कोण? शहरातले, दुकानदार, नोकरदार, आणि बहुतेक पुरुष. 2023 च्या विधानसभेत भाजपच्या यशाचे श्रेय अनेकांनी लाडली बहना योजनेला दिले. त्या बहिणी गाडीशी उभ्या राहून राजकारण थोडेच बोलत होत्या!

मध्य प्रदेशाच्या दोन निवडणुका शेजारी ठेवून पाहा. 2018 मध्ये भाजपला 41.0 टक्के मते आणि 109 जागा, काँग्रेसला 40.9 टक्के आणि 114 जागा. मते जास्त त्याच्या जागा कमी! नोटालाच 1.4 टक्के पडली होती, म्हणजे दोघांमधल्या अंतराच्या कितीतरी पट. हजार माणसांना विचारून केलेल्या चांगल्या सर्वेतही तीन टक्के इकडेतिकडे होतात. असली लढत कुठला सर्वे सांगणार? एक वाहिनी भाजपला 126 देत होती, दुसरी काँग्रेसला 125.

2023 मध्ये काँग्रेस साधारण तिथेच राहिली, 40.4 टक्क्यांवर. भाजप मात्र 48.5 च्या पुढे गेला आणि 163 जागा घेऊन बसला. काँग्रेसला 66. मतदानोत्तर चाचण्यांमध्ये अ‍ॅक्सिस आणि टुडेज चाणक्य यांनी भाजपचे मोठे बहुमत सांगितले होते, तर काहींनी काँग्रेसला किंचित पुढे ठेवले होते. ज्यांचे बरोबर आले त्यांना लगेच डोक्यावर घेऊ नका. त्याच अ‍ॅक्सिसने सहा महिन्यांनी लोकसभेत एनडीएला 361 ते 401 जागा दिल्या होत्या. मिळाल्या 293. महाराष्ट्राने तर त्या वर्षी सगळ्यांनाच गोंधळात टाकले. जूनमध्ये महाविकास आघाडीला 48 पैकी 30 खासदार, आणि नोव्हेंबरमध्ये महायुतीला 288 पैकी 230 च्या घरात आमदार.

पण मला सर्वांत जास्त आवडते ते आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण. उज्जैन जिल्ह्यात सात जागा. 2018 मध्ये काँग्रेस चार, भाजप तीन. 2023 मध्ये भाजप पाच, काँग्रेस दोन. राज्याची लाट जिल्ह्यातही आली, असे वाटते ना? पण महिदपूर पाहा. सगळा प्रदेश भाजपकडे झुकत असताना ही भाजपची जागा काँग्रेसकडे गेली, अवघ्या 290 मतांनी! एवढी माणसे तर आपल्या गणेशोत्सवाच्या एखाद्या कार्यक्रमाला जमतात. त्या दिवशी "आपल्याकडे काय, ठरलेलेच आहे" म्हणून घरी बसलेले महिदपूरकर किती असतील, हे कुठल्याच सर्वेत येत नाही. आणि उज्जैन दक्षिणचे आमदार मोहन यादव 13 डिसेंबरला मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतील, हे तर टावर चौकातल्या पक्क्या भाकितवाल्यांनीही सांगितले नव्हते.

तरुण मंडळींनी सुट्टीत एक करून पाहावे. निवडणूक आयोगाच्या फॉर्म 20 मध्ये प्रत्येक मतदान केंद्राचे आकडे मिळतात. आपल्या घराजवळच्या शाळेतले केंद्र शोधा, 2018 आणि 2023 चे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. मग पलीकडच्या गल्लीचे केंद्र घ्या. आजोबांना मात्र आधी अंदाज विचारून तो कागदावर लिहून घ्या, नंतर ते कबूल करणार नाहीत.