गाण्याचे खानदेशी पत्ते

जळगावात दरवर्षी जानेवारीच्या सुरुवातीला तीन रात्री बालगंधर्व संगीत महोत्सव रंगतो. स्व. वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठानाने दोन दशकांहून अधिक काळ तो नेटाने चालवला आहे. छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात बसून देशातले नामवंत गायक-वादक ऐकायला मिळणं ही जळगावकरांसाठी लहान गोष्ट नाही. महोत्सवाच्या नावालाही भक्कम आधार आहे. नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा शाळेच्या वयात काही काळ जळगावला होता आणि मेहबूबखाँ या उस्तादांकडे त्याने इथेच गाण्याचे पहिले धडे घेतले. पुढे 1905 मध्ये तो किर्लोस्कर मंडळीत गेला आणि बालगंधर्व म्हणून महाराष्ट्राचा झाला. त्यानंतरच्या कथेत भास्करबुवा बखले येतात, ‘मानापमान’ येतं, गंधर्व नाटक मंडळी येते, आणि मेहबूबखाँ एका ओळीपुरते उरतात. महोत्सव शिष्याच्या नावाने आहे. ज्या गावात त्या गळ्याला पहिलं वळण लागलं त्या गावात उस्तादाच्या नावाने काय आहे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ही शिकवणी रंगमंचावर झालेली नव्हती. त्या काळी गाणं शिकायचं म्हणजे उस्तादाच्या घरी, नाहीतर एखाद्या यजमानाच्या माडीवर, तंबोऱ्यासमोर मांडी घालून बसायचं.

माझं म्हणणं याच माडीपासून सुरू होतं. एका शहरातल्या अनेक जागांवर पसरलेला, रसिकांना या जागेवरून त्या जागेवर चालायला लावणारा, आजच्या संगीताचा महोत्सव जळगाव किंवा धुळ्यात व्हावा असं कुणी म्हटलं की ती परदेशी किंवा महानगरी कल्पना वाटते. माझ्या मते ती खानदेशची जुनी रीत आहे. इथलं गाणं कायम घराघरांत, ओट्यांवर, नदीच्या घाटावर आणि रस्त्यावर घडलं. आपण त्याचा उत्सव मात्र एका सभागृहात करतो, आणि तोही जे खानदेश सोडून गेले त्यांच्या नावाने. जे इथेच राहिले आणि आजही गातात त्यांच्या जागा कार्यक्रमपत्रिकेवर येत नाहीत.

थाळनेरचं उदाहरण घ्या. शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं हे गाव इतिहासाच्या पुस्तकांत दोन गोष्टींसाठी येतं. फारुकी सुलतानांची जुनी राजधानी, ही एक. दुसरी म्हणजे 1818 च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या जनरल हिस्लॉपने किल्ला घेतला आणि किल्लेदाराला फाशी दिलं, ती घटना. संगीताच्या इतिहासात थाळनेरचं नाव याहून मोठं असायला हवं. बळवंत संगीत मंडळीचे मास्टर दीनानाथ मंगेशकर 1922 मध्ये थाळनेरचे गुजराती व्यापारी आणि जमीनदार शेठ हरिदास लाड यांचे जावई झाले. पहिली पत्नी नर्मदा लवकर गेली, आणि 1927 मध्ये तिचीच बहीण शेवंती दीनानाथांच्या घरात आली. लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ या पाचही मुलांची आई ती. नाटक कंपनीच्या घरात वडिलांकडून रागदारी आणि नाट्यगीत आलं, हे आपण सगळे सांगतो. दुसरा प्रवाह आजोळचा होता. लता मंगेशकरांनी पावागढचे गरबे आणि गुजराती लोकगीतं आईच्या आईकडून शिकून घेतली. ही आजी कुठल्या मंचावर गायली नाही. तिची ध्वनिमुद्रिका नाही, सत्कार नाही, आणि बहुतेक लिखाणात ती फक्त ‘आजी’ आहे. विसाव्या शतकातला सर्वांत जास्त ऐकला गेलेला भारतीय आवाज ज्या बाईकडून पहिली देवीची गाणी शिकला, ती थाळनेरच्या घरातली होती. आणि ती गाणी मराठी नव्हती, अहिराणीही नव्हती. तापीच्या खोऱ्यात गुजरात, माळवा आणि देश एकमेकांत मिसळतात. ही मिसळण सभागृहात झाली नाही, स्वयंपाकघरात आणि अंगणात झाली.

आता जे आजही चालू आहे त्याकडे येऊ, कारण कुणी म्हणेल की ही सारी गेल्या काळाची आठवण आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. नारळाला चांदीचा किंवा पितळेचा मुखवटा, नथ, डोळे. त्याला साडी नेसवून चौरंगावर मांडणं. घरातल्या पुरुषागणिक सवा मूठ गहू मोजून त्या पिठाचे रोट. ही मांडणी वाचकांपैकी अनेकांच्या घरची आहे. मला इथे रात्रीबद्दल बोलायचं आहे. रविवारी रात्रभर जागरण असतं. गल्लीतल्या बाया एका घरून दुसऱ्या घरी जातात, प्रत्येक कानबाईपुढे बसून अहिराणी गाणी म्हणतात, फुगड्या घालतात आणि पुढच्या घराकडे निघतात. सोमवारी सकाळी डोक्यावर चौरंग घेतलेल्या बायांच्या रांगा जळगावात मेहरूण तलावाकडे आणि धुळ्यात पांझरेकडे चालू लागतात. एकाच रात्री एकाच शहरात कित्येक ठिकाणी गाणं सुरू असतं, ऐकणारी चालत असते, आणि ऐकणारी पुढच्या घरात गाणारी होते. जगात जिथे जिथे शहरभर पसरलेले संगीत महोत्सव होतात तिथे आयोजक हेच घडवून आणायला धडपडत असतात. इथे ते निमंत्रणपत्रिकेशिवाय घडतं. शिवाय ही गाणी गोठलेली नाहीत. जुन्या चालींच्या शेजारी सिनेमाच्या चाली येऊन बसतात, आणि पोटासाठी सुरत, कल्याण, नाशिककडे गेलेल्या खानदेशी कुटुंबांनी कानबाई तिकडेही नेली आहे. आजचं, म्हणजे जिवंत माणसांनी आज रचलेलं आणि आज बदललेलं संगीत, ही समकालीनतेची व्याख्या मान्य असेल तर कानबाईची रात्र त्यात पुरती बसते. ‘हाई झुमकावाली पोर’सारखं अहिराणी गाणं यूट्यूबवर कोट्यवधी वेळा वाजतं, सातपुड्याकडच्या लग्नांत पावरी या वाद्याचे सूर आता कीबोर्डवरून निघतात, हेही त्याच व्याख्येत येतं. त्याला हलकं म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एवढंच पाहावं की बालगंधर्वांच्या काळी नाट्यसंगीतालाही खानदानी बैठकीतून नाकं मुरडली जात होती.

याहून ठोस पुरावा जळगावच्या रथोत्सवात आहे, आणि संयोजनाच्या दृष्टीने मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. सद्गुरू अप्पा महाराजांनी 1872 मध्ये सुरू केलेला श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातल्या राम मंदिरापासून निघतो. लाकडी रथाच्या चाकांखाली मोगरी घालून त्याला वळवणारे आणि थांबवणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या ते काम करतात. एक मोगरी चुकली तर गर्दीत अनर्थ होईल. पण एकादशीच्या आधीचे दिवस जास्त पाहण्यासारखे आहेत. प्रतिपदेपासून वहनं निघतात : घोडा, हत्ती, सिंह, सरस्वती, गरुड, रोज वेगळं. भजनी मंडळ पुढे, वहन मागे, आणि ठरलेल्या घरांसमोर पानसुपारी. पानसुपारी म्हणजे यजमानाचं घर, तिथे वहन थांबणार, भजन होणार, आरती होणार, मग पुढचं घर. कुणाच्या दारी किती वेळ थांबायचं हे राम मंदिराचं संस्थान आणि यजमान आधी ठरवतात. कार्यक्रमपत्रिका, स्थळं, वेळा, यजमान, सगळं आलं. दीडशे वर्षं चाललेली ही व्यवस्था आपण धार्मिक म्हणून एका कप्प्यात टाकली आणि तिच्यातलं संयोजनाचं शहाणपण वाया घालवलं. याच रथाच्या वाटेवर लालशा बाबांचा दर्गा आहे. अप्पा महाराज आणि लालशा बाबा यांच्या स्नेहाची आठवण म्हणून रथ तिथे थांबतो आणि दर्ग्यावर चादर चढवली जाते. थांबा कुठे घ्यायचा हा इथे फक्त सोयीचा प्रश्न नसतो.

धुळ्याने तेच उलट बाजूने, फार मोठी किंमत देऊन शिकलं. सार्वजनिक गणेशोत्सव नवा होता तेव्हा, 1895 मध्ये, जुन्या धुळ्यात मिरवणूक मशिदीसमोरून वाजतगाजत नेण्यावरून दंगल झाली, गोळीबार झाला, माणसं मेली. गणपतीला ‘खुनी गणपती’ हे नाव तेव्हापासून चिकटलं आणि मशिदीलाही. आज त्या गणपतीची पालखी टाळ-मृदंगाच्या साथीने मशिदीसमोर येते आणि मुस्लीम मंडळी फुलांनी तिचं स्वागत करतात. या घटनेकडे जातीय सलोख्याची गोड गोष्ट म्हणून पाहिलं जातं. मी तिच्याकडे संगीताच्या इतिहासातली घटना म्हणूनही पाहतो. रस्त्यावर वाजवलेलं संगीत कानावर पडणाऱ्या प्रत्येकाच्या संमतीवर उभं असतं. सभागृहात ही संमती तिकिटाने मिळते. रस्त्यावर ती मागावी लागते, वाद्यं कोणती, आवाज किती, कुठे थांबायचं आणि कुठे हात जोडायचे हे बोलून ठरवावं लागतं. जळगावच्या रथाने आणि धुळ्याच्या पालखीने ते ठरवलं. शहरभर महोत्सव करायचा तर याच वाटाघाटी आधी शिकायला हव्यात, आणि त्या शिकायला खानदेशाबाहेर जायची गरज नाही.

पहिला आक्षेप शास्त्रीय संगीताच्या बाजूने येईल. ख्यालाची बढत शांततेत होते; तंबोऱ्याचा षड्ज ओट्यावर ऐकू येणार नाही. हे खरं आहे, म्हणूनच नाट्यगृह हवंच. माझी मागणी जानेवारीचा महोत्सव मोडण्याची नाही. तिन्ही रात्रींच्या आधीच्या सकाळ-दुपारी शहरातल्या इतर जागा उघडा एवढीच आहे. वीस-तीस श्रोत्यांची खासगी बैठक हीच या संगीताची मूळची जागा. मोठं सभागृह आणि ध्वनिक्षेपक नंतर आले. जुन्या जळगावातल्या एखाद्या माडीवर ध्वनिक्षेपकाशिवाय झालेली सकाळची बैठक मेहबूबखाँना नाट्यगृहातल्या कुठल्याही हारतुऱ्यांपेक्षा जास्त ओळखीची वाटली असती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कानबाईची गाणी कार्यक्रमपत्रिकेवर आली की ती प्रेक्षकांसाठी गायली जातील, बाया कलाकार होतील, कॅमेरे येतील आणि जागरण संपेल. लोककलांच्या बाबतीत हे अनेकदा झालं आहे, त्यामुळे ही भीती खोटी नाही. माझं उत्तर असं की कानबाईला मंचावर आणायचंच नाही. रोट भाऊबंदांनीच खायचा असतो, परक्याला तो देत नाहीत. ती मर्यादा गाण्यालाही लागू ठेवावी. महोत्सवाने तिच्या रीतीची नक्कल करावी, देवीची नाही. गाणाऱ्यांनी श्रोत्यांच्या घरी जावं, श्रोत्यांनी चालावं, यजमान घराने पाणी आणि चहा द्यावा. बाकी कानबाई जिथे आहे तिथेच राहो.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि आकाराचा : ही महानगरांची चैन आहे. पण इंग्लंडच्या यॉर्कशरमधलं हडर्सफील्ड पाहा, हे लोकरीच्या गिरण्यांचं शहर. 1978 मध्ये तिथे रिचर्ड स्टाइनिट्झ यांनी समकालीन संगीताचा महोत्सव सुरू केला. तो दर नोव्हेंबरात टाउन हॉलमध्ये, जुन्या चर्चच्या सभागृहात, आणि बेट्स मिल या जुन्या गिरणीच्या इमारतीत होतो. जॉन केज आणि स्टॉकहाउझेनसारखे संगीतकार त्या गिरणगावात येऊन गेले. जळगावातही गिरणी होती. खानदेश मिलच्या जागेवर आज खानदेश सेंट्रल हे व्यापारी संकुल उभं आहे. अमळनेरची प्रताप मिल आणि तिच्याभोवतीचं गाव अजून लोकांच्या बोलण्यात आहे, आणि 2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि विद्रोही साहित्य संमेलन एकाच वेळी पेललं. दोन मंडप, दोन गर्दी, एका तालुक्याच्या गावात. तेव्हा आकाराचा मुद्दा मला पटत नाही. पैशाबद्दल म्हणाल तर अनेक लहान जागांचा खर्च अनेक यजमानांत वाटला जातो. वहनोत्सवाची पानसुपारी दीडशे वर्षं याच हिशेबावर चालली आहे.

धुळ्याला तर हे जास्त सोपं जाईल. मुख्यालयासाठी इंग्रजांनी वसवलेला शहराचा भाग आखीव आहे, गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत. ‘गल्ली नंबर चार, संध्याकाळी सात’ एवढा पत्ता पुरतो. शाहू नाट्यमंदिर आहे. 1927 पासूनचं राजवाडे संशोधन मंडळ आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेल्या रामदासी हस्तलिखितांचं समर्थ वाग्देवता मंदिर आहे, आणि जिथे इतकी पदं, आरत्या आणि अभंग कागदावर जपले आहेत तिथे त्यांतली काही गाऊन दाखवली जाऊ नयेत याला कारण दिसत नाही. पांझरेच्या काठी एकवीरा देवी आहे. राहता राहिला आवाज. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवले. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते. डीजेच्या भिंतींवर हा नियम योग्यच लागतो. पण नियम बंदिस्त जागांना वगळतो. म्हणजे माडी, वाडा, वाचनालयाचं सभागृह, घराचा दिवाणखाना, इथे शेजाऱ्याची झोप न मोडता रात्रभर गायला कायद्याची हरकत नाही. सुरुवात अशाच जागांची यादी करण्यापासून व्हावी : कुणाची माडी अजून उभी आहे, कुणाच्या ओसरीत तीस माणसं बसतात, आणि कोणता यजमान पानसुपारीला तयार आहे.