चुन्याची निवळी आणि कुंडी भंडाऱ्याचे पाणी

सातपुड्याच्या उतारावर मुरणारे पावसाचे पाणी भूगर्भातून तापीकडे सरकत असते. ते वाटेतच अडवून बऱ्हाणपूर शहरास पुरविण्याची योजना जहांगीर बादशहाच्या कारकिर्दीत, सन १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान यांनी अमलात आणली. कुंडी भंडारा अथवा खुनी भंडारा या नावाने ती ओळखली जाते. जमिनीखाली बोगदा आणि त्यावर ठरावीक अंतराने शंभराहून अधिक कुंड्या अशी तिची रचना असून पाणी केवळ उताराने वाहते. मोट नाही, पंप नाही. सन २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत तिचा समावेश झाला.

बोगद्यात उतरणाऱ्यास भिंतींवर पांढरट थर दिसतो. तो गिलावा नव्हे. पाण्यानेच तो चढविला आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून किंचित आम्लधर्मी बनते व वाटेतील चुनखडीचा अंश विरघळवून घेते. बोगद्यातील मोकळ्या हवेत आल्यावर हा वायू निसटतो आणि विरघळलेला चुना पुन्हा घनरूपाने बाहेर पडतो. चहाच्या किटलीत साचणारी पुटे याच जातीची होत.

हा सारा व्यवहार शाळेत चुन्याच्या निवळीवर दाखविता येतो. खाण्याचा चुना शेंगदाण्याएवढा घेऊन बाटलीभर पाण्यात घुसळावा, बूच लावून रात्रभर ठेवावा व वरचे स्वच्छ पाणी हलकेच ओतून घ्यावे. एक लिटर पाण्यात चुना जेमतेम दीड ग्रॅम विरघळतो. उरलेला तळाशी बसतो. या निवळीत तितकेच साधे पाणी मिसळून नळीने फुंकर घालावी. प्रथम ती दुधासारखी होते. फुंकणे नेटाने चालू ठेवल्यास हळूहळू पुन्हा नितळ होते, आणि तेच पाणी उकळले की परत गढूळते. डोंगर, बोगदा व किटली या तिन्ही अवस्था एका परीक्षानळीत पाहावयास मिळतात. मात्र निवळी दाहक असल्याने ती तोंडात वा डोळ्यांत जाऊ देऊ नये. फुंकण्याचे काम शिक्षकांनीच करावे हे बरे.

चमत्कारिक वाटेल, पण पाण्यातील चुना काढण्यासही चुनाच उपयोगी पडतो. निवळी विरघळलेल्या वायूस बांधून घेते आणि मूळचा चुनाही साक्यासह खाली बसतो. थॉमस क्लार्क या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने सन १८४१ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. येथे सारी मदार मात्रेवर आहे. निवळी कमी पडली तर पाणी जड राहते. अधिक झाली तर ते दाहक होते व जडपणा उलट वाढतो. म्हणून पाण्याची तपासणी केल्याविना घरी हा प्रयोग पिण्याच्या पाण्यावर करू नये. तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा नव्हे. लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा भारतीय मानकानुसार ग्राह्य असून पर्यायी स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालतो.

समुद्रातील प्रवाळ काचेच्या हौदात पाळणारे लोकही हीच निवळी वापरतात, परंतु उलट हेतूने. प्रवाळास सांगाडा बांधण्यासाठी चुना हवा असतो. ते लहान पंपाने थेंबथेंब, बहुधा रात्री, निवळी सोडतात. कारण रात्री पाण्यातील वायू वाढून त्याचा अल्कधर्म उतरलेला असतो. पंप बिघडून सारी निवळी एकदम पडली तर हौद दुधाळ होतो, चुना वाया जातो आणि मासे दगावतात.

कुंडी भंडाऱ्यात असा पंप कोणी लावलेला नाही. तेथील मात्रा निसर्गाची आहे आणि ती थांबत नाही. थर वाढेल तशी पाझराची छिद्रे बुजतात व आवक घटते. आम्ल ओतून तो विरघळविण्याची कल्पना कोणी मांडल्यास ती तत्काळ नाकारावी, कारण पाणी पिण्याचे आहे आणि आम्लाने बांधकामातील चुनाही खाल्ला जाईल. थर हाताने, जाणत्यांच्या देखरेखीखाली, पाझराच्या जागा ओळखूनच काढावा लागतो. वरच्या उतारावर नवीन कूपनलिका खोदताना ग्रामपंचायतींनी या पाझराचा विचार आधी करावा. पाणीच आटले तर थर काढून उपयोग नाही.