लष्करी बोल्ट-अॅक्शन रायफलीचे शिकारी रूपांतर

सैन्याने सेवेतून काढलेल्या बोल्ट-अॅक्शन रायफलीत फेरफार करून ती शिकारीस सोयीची करणे म्हणजे शिकारी रूपांतर होय. इंग्रजीतील ‘स्पोर्टरायझिंग’ ही संज्ञा याच अर्थाने वापरली जाते. बोल्ट-अॅक्शन रायफलीत बोल्टचा दांडा हाताने उचलून मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि पुढे ढकलला की नवे काडतूस नळीत बसते. जर्मन माउझर ९८, ब्रिटिश ली-एनफील्ड, अमेरिकी स्प्रिंगफील्ड १९०३ आणि रशियन मोसिन-नागांत या रायफलींची अशी रूपांतरे मोठ्या संख्येने झाली.

इतिहास

या प्रथेचा आरंभ काटकसरीतून झाला असे सहसा मानले जाते. ते पूर्णतः खरे नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी स्वतःसाठी स्प्रिंगफील्ड १९०३ ही शिकारी स्वरूपात करवून घेतली होती व १९०९ च्या आफ्रिका मोहिमेत ती सोबत नेली होती. न्यूयॉर्कमधील ग्रिफिन अँड हाऊ ही १९२३ मध्ये स्थापन झालेली पेढी अशा उंची कामासाठी ओळखली जाई. सामान्य शिकाऱ्यापर्यंत ही प्रथा पोहोचली ती महायुद्धांनंतर. सैन्यांकडे लक्षावधी रायफली शिल्लक राहिल्या आणि त्या नव्या शिकारी रायफलीच्या तुलनेत फारच स्वस्तात विकल्या गेल्या. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने ली-एनफील्डची तयार रूपांतरे बाजारात आणली. अमेरिकेत १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टने परदेशी लष्करी रायफलींची आयात रोखली, तेव्हा हा ओघ आटला.

फेरफारांचे स्वरूप

लष्करी रायफल संगीन लावून लढण्यासाठी, तापलेल्या नळीने हात भाजू नये यासाठी आणि आडदांड वापर सोसण्यासाठी घडवलेली असते. शिकाऱ्याला यांपैकी फारच थोड्याची गरज असते. म्हणून संगिनीची खोबण व नळीवरचे लाकडी आच्छादन काढतात, दस्त्याचा पुढचा भाग आखूड करतात आणि पुष्कळदा नळीही कापतात. गेवेर ९८ ची नळी ७४० मिलिमीटर लांब असल्याने दाट झाडीत ती अडचणीची ठरे.

दुर्बीण बसवणे हे सर्वांत कठीण काम. माउझरचा बोल्ट उचलताना त्याचा दांडा दुर्बिणीवर आपटतो, म्हणून तो वाकवावा लागतो. माउझरची सुरक्षा-कळही उभी फिरत असल्याने दुर्बिणीच्या आड येते व ती बदलावी लागते. शिवाय पट्टीतील पाच काडतुसे वरून एकदम भरण्याची लष्करी सोय दुर्बिणीमुळे बंद होते.

काही बदल वरवर निरुपद्रवी दिसतात, पण तसे नसतात. जुन्या ली-एनफील्डची (एसएमएलई) बारीक नळी पुढच्या लाकडाच्या आधारावर स्थिर राहते. ते लाकूड कापल्यास नेम बिघडू शकतो. स्प्रिंगफील्ड १९०३ च्या आरंभीच्या रायफलींचे पोलाद सदोष उष्णतासंस्कारामुळे ठिसूळ निघाले होते, त्यामुळे त्या रूपांतरासच नव्हे तर वापरासही धोकादायक मानल्या जातात.

काडतूसही बदलावे लागते. १८९९ च्या हेग घोषणेने शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. या गोळ्यांना कोलकात्याजवळच्या डमडम येथील कारखान्यावरून ‘डमडम’ हे नाव पडले होते. शिकारीत मात्र प्राणी जखमी होऊन निसटू नये म्हणून पसरणारीच गोळी वापरतात.

ऐतिहासिक मूल्याची हानी

रायफलीवरील क्रमांक, तपासणीचे शिक्के आणि मूळ लाकूड यांवरून तिचा कारखाना व सेवाकाळ ठरवता येतो. रूपांतरात यांतील बरेच पुरावे नाहीसे होतात. एके काळी किरकोळ किमतीस मिळणाऱ्या अस्पर्शित रायफली आज संग्राहकांत रूपांतरितांपेक्षा पुष्कळ महाग आहेत. लाकूड नवे बसवता येते. कापलेली नळी किंवा पाडलेली भोके पूर्ववत होत नाहीत. जुन्या उत्तम कारागिरांनी केलेली रूपांतरे मात्र स्वतंत्र कलावस्तू म्हणून जपली जातात, आणि ते योग्यच आहे.

भारतातील स्थिती

जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी रायफल माउझर यंत्रणेवर बांधलेली होती, परंतु ती मुळातच शिकारीसाठी घडवलेली असल्याने रूपांतरात मोडत नाही. भारतात .३०३ हे लष्करी काडतूस सामान्य परवान्यावर निषिद्ध आहे. त्यामुळे इशापूरच्या कारखान्याने ली-एनफील्डच्याच यंत्रणेवर .३१५ ची नागरी रायफल बनवली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. अपवाद केवळ अधिनियमात सांगितलेल्या परिस्थितींपुरता व सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने होतो.