‘शुगर-फ्री’ रोज घ्यायचं का?



गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. “घरात सासऱ्यांना शुगर आहे. साखरेऐवजी त्या बारीक गोळ्या चहात टाकल्या तर चालतील का? रोज घेतल्या तर कॅन्सर होतो म्हणतात, ते खरं का?” ज्या गटांचा माल मुंबईत माटुंगा-दादर भागात विक्रीला जातो, त्यांना दुसराच प्रश्न पडतो. तिथलं गिऱ्हाईक लाडू हातात घेतं आणि आधी विचारतं, “शुगर-फ्री आहे का?” आज या दोन्ही प्रश्नांची उत्तरं नीट समजून घेऊ.

हे नक्की असतं काय?

साखरेपेक्षा शेकडो पट गोड असलेले हे पदार्थ आहेत. म्हणून चिमूटभरही लागत नाही आणि त्यातून शरीराला ऊर्जा जवळजवळ मिळत नाही. सगळ्यात जुनं सॅकरीन, १८७९ सालचं. पुढे १९६५ मध्ये अ‍ॅस्पार्टेम सापडलं. सुक्रालोज तर एका फडणीसांनी शोधलं! १९७६ साली लंडनच्या कॉलेजात शशिकांत फडणीस हे भारतीय संशोधक काम करत होते. सरांनी एक पावडर ‘टेस्ट’ करायला, म्हणजे तपासायला सांगितली. त्यांनी ऐकलं ‘टेस्ट’, म्हणजे चव घे! त्यांनी जिभेवर ठेवली, तर ती प्रचंड गोड. (आपण मात्र अनोळखी पावडर कधीच चाखायची नाही.)

कॅन्सर होतो का?

ही भीती सुरू झाली सॅकरीनपासून. १९७० च्या दशकात उंदरांना भरपूर सॅकरीन खाऊ घातलं, तेव्हा त्यांच्या मूत्राशयात गाठी आल्या. नंतर कळलं की उंदराच्या शरीरात ज्या कारणाने त्या झाल्या, ते कारण माणसाला लागू होत नाही. २००० साली अमेरिकेने सॅकरीनचं नाव कॅन्सरकारक पदार्थांच्या यादीतून काढलं.

जुलै २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेमची बातमी आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने ते ‘कदाचित कॅन्सरकारक’ या गटात टाकलं. याचा अर्थ, शंका आहे पण पुरावा अपुरा आहे. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा आहे तीच ठेवली: वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. म्हणजे ५० किलो वजनाच्या बाईला दिवसाला २००० मिलिग्रॅम. डाएट कोल्ड्रिंकच्या एका डब्यात साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असतं. एवढी मर्यादा गाठायला दिवसात सात ते दहा डबे प्यावे लागतील. चहातल्या एक-दोन गोळ्यांनी कोणी ती ओलांडत नाही.

सॅकरीनची मर्यादा मात्र खूप कमी आहे, किलोमागे फक्त ५ मिलिग्रॅम. १५ किलोच्या लेकराला दिवसाला ७५ मिलिग्रॅमच. जत्रेतल्या गोळ्यात किंवा सुट्या सरबतात कोणी अंदाजाने सॅकरीन टाकलं, तर लेकराच्या पोटात किती गेलं हे कोण मोजणार?

मग रोज घेतलं तर?

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन कमी करण्यासाठी हे पदार्थ वापरू नका. लांब पल्ल्याचा फायदा दिसत नाही. उलट अनेक वर्षं खूप घेणाऱ्यांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार जास्त दिसतात. आता हे त्या पदार्थांमुळेच होतं, की ज्यांना आधीच त्रास आहे तेच लोक ते जास्त घेतात, याचा पक्का उलगडा झालेला नाही. स्टीव्हिया झाडाच्या पानापासून बनतं, तरी त्यालाही हाच सल्ला लागू आहे.

ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना मात्र हा सल्ला लागू नाही. २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, म्हणजे घरोघरचाच विषय. अशा माणसाने डॉक्टरांना विचारून चहापुरती गोळी घेतली तर हरकत नाही. पण ‘शुगर-फ्री’ बिस्किटांचा पुडा संपवणं वेगळं. त्यात मैदा आणि तूप-तेल असतंच, रक्तातली साखर त्यानेही वाढते.

हे लक्षात ठेवा

- शुगरच्या पेशंटला अचानक दरदरून घाम, थरथर, चक्कर आली तर साखर उतरलेली असू शकते. तेव्हा खरी साखर द्या, तीन चमचे पाण्यात घालून. शुगर-फ्री गोळीचा तिथे काही उपयोग नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, लगेच दवाखान्यात न्या.
- लहान मुलांना हे पदार्थ देऊ नका. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.
- पाकिटावर आकडे शोधा: ९५१ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया.
- अ‍ॅस्पार्टेम शिजवलं की गोडी जाते. चहा उतरवल्यावरच टाका.

गटाच्या मालाचं काय?

गुळाचा किंवा खजुराचा लाडू ‘शुगर-फ्री’ नसतो. गुळातही साखरच असते. कायद्याप्रमाणे १०० ग्रॅम मालात अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर ‘शुगर-फ्री’ लिहिता येत नाही. आपला लाडू त्या नावाने विकला आणि कोणी शुगरचा पेशंट विश्वासाने चार खाऊन बसला, तर त्याच्या जिवाशी खेळ आणि गटाचं नाव खराब. लेबलवर सरळ ‘गुळाचा लाडू’ लिहा. आपल्या मालाची तीच खरी ओळख आहे.

साखर काढून गोड पावडर घालायचा विचार असेल तरी थांबा. साखर फक्त गोडी देत नाही, तिच्यामुळे पाक होतो, लाडू वळतो, माल टिकतो. हे एक शास्त्रच आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, १९३३ पासूनच्या जुन्या यूडीसीटीत, अन्नाचं तंत्रज्ञान शिकवायला वेगळा विभाग आहे. शिवाय हे पदार्थ ठराविक मालात, ठराविक प्रमाणातच चालतात, आणि घातले तर लेबलवर लिहावंच लागतं. सरबतात स्वस्त पडतं म्हणून सॅकरीन टाकणं तर अजिबात नको.

खरं औषध जिभेची सवय हे आहे. दिवसाला सहा चमच्यांपेक्षा कमी साखर, हे चांगलं प्रमाण. चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे म्हणजे आठ झाले! दर पंधरवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा. दोन महिन्यांत जीभ सरावते, मग गोळीची गरजच उरत नाही.

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीने घरातलं एक रिकामं पाकीट आणा, बिस्किटाचं, सरबताचं, काहीही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या शेजारी वाचणारी ताई बसेल. हे आकडे आपण मिळून शोधू.