क्रमांक तीन, हजर!

शाळेचा पहिला दिवस. नव्या बाई हजेरी घेतात, "क्रमांक तीन!" आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, "हजर!" कारण सगळ्यांनाच तीन नंबर मिळालाय. हसू नका हं! छोट्या डिजिटल रेल्वेगाड्यांच्या दुनियेत हे असंच चालतं. दुकानातून आणलेल्या जवळजवळ प्रत्येक नव्या इंजिनाचा नंबर तीनच असतो. घरी आणल्यावर तो बदलायचं काम आपलं.

पण इंजिनाला नंबर हवाच कशाला? जुन्या पद्धतीच्या खेळातल्या गाडीत बटण फिरवलं की रुळांमधली वीज वाढते आणि गाडी जोरात धावते. त्याच रुळांवर दुसरं इंजिन ठेवलं, तर तेही धावणार. एकाला थांबवून दुसऱ्याला पळवायचं म्हटलं, तर रुळांचे तुकडे करा, खटके बसवा, तारा ओढा! मग जर्मनीतल्या बेर्न्ट लेन्झ यांच्या कंपनीने एक पद्धत तयार केली. अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या संघटनेने १९९० च्या दशकात ती प्रमाण म्हणून स्वीकारली, म्हणून आज एका कंपनीचं इंजिन दुसऱ्या कंपनीच्या यंत्राचं ऐकतं. तिचं नाव डीसीसी.

यात रुळांमध्ये वीज कायम भरपूर असते, पण तिचे धन आणि ऋण सेकंदाला हजारो वेळा उलटेपालटे होतात. झटपट उलटापालट म्हणजे १, जरा सावकाश म्हणजे ०. झटपट म्हणजे किती? एका बाजूला अवघे ५८ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी फक्त ५८! सावकाश म्हणजे १०० किंवा थोडे जास्त. वीजही तीच आणि निरोपही तोच. इंजिनाच्या पोटात नखाएवढी पट्टी बसवलेली असते, तिला म्हणतात डिकोडर. ती सगळे निरोप ऐकते, पण आपला नंबर पुकारला तरच हलते.

हे मला कसं ठाऊक? माझ्या आठवीतल्या भाचीमुळे. तिला एक जुनं, वापरलेलं इंजिन मिळालं होतं. तीन नंबरने हाक मारली, गप्प. एकपासून वीसपर्यंत सगळे नंबर झाले, तरी गप्प. तिचा चेहरा पडला. "मामा, जळलंय का हे?"

"थांब, आधी त्यालाच विचारू," मी म्हटलं.

आता गंमत ऐका. इंजिनाला बोलता येत नाही. ते फक्त मान हलवू शकतं! म्हणजे काय, तर उत्तर 'हो' असेल, तेव्हा डिकोडर आपली मोटर क्षणभर चालू करतो. सेकंदाचा हजारावा भाग घ्या, तसे साधारण सहा. त्या वेळी थोडी जास्त वीज खेचली जाते, ती यंत्राला कळते. उत्तर 'नाही' असेल, तर काहीच होत नाही. तुम्ही खेळता ना, 'मनातला आकडा ओळखा'? तेच. ० ते २५५ मधला कुठलाही आकडा आठ प्रश्नांत सापडतो, करून बघा.

आम्ही बाकीची इंजिनं उचलून ठेवली आणि हे एकटंच रुळावर ठेवलं. ते किंचित थरथरलं, पुन्हा थरथरलं, आणि यंत्रावर आकडा आला: ४७! जिवंत होतं की ते! आधीच्या मालकाने दिलेला नंबर तेवढा आम्हाला ठाऊक नव्हता.

भाचीला तिचा स्वतःचा हजेरी क्रमांक हवा होता, १२. डिकोडरमध्ये आकडे ठेवायचे कप्पे असतात, त्यांना सीव्ही म्हणतात. पहिल्या कप्प्यात नंबर. तिथे १२ लिहायचं, झालं. पण आनंदाच्या भरात मी बाकीची दोन इंजिनं पुन्हा रुळांवर ठेवली आणि मगच बटण दाबलं. आमच्या यंत्राला नंबर लिहायला वेगळा रूळ नव्हता. आणि लिहिताना हाक नंबराने मारत नाहीत बरं का, रुळावर जे असेल त्या सगळ्यांना सांगतात. तिन्ही इंजिनं १२ झाली!

तिने बटण फिरवलं. तिन्ही निघाली. बाजूच्या रुळावर उभं असलेलं मालगाडीचं इंजिन थेट शेवटाला धडकलं आणि टेबलावरून खाली. पुढचा बफर तुटला. ती काही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मग एकेक इंजिन एकटं ठेवून आम्ही पुन्हा नंबर दिले, आणि बफर डिंकाने चिकटवला. अजून वाकडाच आहे.

आईबाबांनो, तुमच्यासाठी एक सूचना. डिकोडर बसवताना मोटरची नारिंगी आणि करडी तार इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला कुठेही चिकटता कामा नये. चिकटली, तर पट्टी जळते, आणि ती स्वस्त नसते. नंबर लिहायच्या वेगळ्या रुळात वीज मुद्दाम कमी देतात ती याचसाठी: तारेची चूक असली, तरी पट्टी वाचते. बसवल्यावर इंजिन पहिल्यांदा तिथेच ठेवा.

नंबर झाला की खरी मजा तिसऱ्या आणि चौथ्या कप्प्यात. तिसऱ्यात वेग घ्यायला किती वेळ लावायचा ते, चौथ्यात थांबायला किती. तिसऱ्यात ० लिहिलं, तर इंजिन बेडकासारखं उडी मारतं. १० लिहिलं, तर पूर्ण वेगाला यायला सुमारे नऊ सेकंद घेतं, जड मालगाडीसारखं. भाचीने चौथ्यात ४० लिहिले. बटण शून्यावर आणलं तरी गाडी आपली चाललीच! फलाट गेला, सिग्नल गेला. "मामा, ही थांबतच नाही!" खऱ्या भरधाव एक्स्प्रेसलाही थांबायला किलोमीटरभर लागतो, तेव्हा मोटरमनला काय वाटत असेल ते तिला त्या दिवशी कळलं.

आता चौथ्यात आठ आहेत. फलाट येण्याआधी दोन हात अंतरावर ती बटण फिरवते, आणि वाकड्या बफरची मालगाडी बरोबर पाटीसमोर उभी राहते. दहापैकी सात वेळा तरी.